सोळा बिटवाले तात्या

पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जाला फोटो लागतो पन्नास केबीचा. शंकरतात्या देतात सहाशे एमबीचा. गंगावेशीत त्यांचा फोटो स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. त्यांच्याकडून पेनड्राइव्ह घेतलेले उमेदवार रडकुंडीला येऊन माझ्यासमोर उभे राहतात, मी फोटो बारीक करून देतो आणि पलीकडून तात्यांची आरोळी येते, "मारलास व्हय रं त्येला! खाटका!"

मी कपाळावर हात मारून घेतो. वीस वर्षं मारतोय, खड्डा पडायचाच बाकी आहे.

एकदा मी चुकून विचारलं, की तात्या, सारखं सोळा बिट, सोळा बिट करता, हे बिट म्हणजे असतं तरी काय? चहा गार झाला, दोन गिऱ्हाइकं परत गेली, तरी तात्या थांबेनात. "आठ बिटात काळ्यापास्नं पांढऱ्यापातूर दोनशे छप्पन पायऱ्या. सोळा बिटात पासष्ट हजार! पायऱ्या कमी असल्या की अंधारातनं माणूस वर काढाय गेलास तर ठेचकाळतंय. तोंडावर पट्टे येत्यात. उजेडातलं काय, कुणालाबी दिसतंय. सावलीत काय हाय ते बघ की!"

सावलीत काय आहे ते बघता बघता माणसाचा धंदा सावलीत गेला. कागलच्या एका लग्नाचा अल्बम तात्या दीड वर्ष करत होते. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी दारात उभं राहून शिव्या घातल्या. तात्या शांतपणे म्हणाले, "पावणं, वरमाईच्या शालूची निळी घडी अजून वर येईना." अल्बम तयार झाला तोवर त्या जोडप्याची फारकत झाली होती. तात्यांना फार वाईट वाटलं. म्हणजे, अल्बम न्यायला कोणी आलं नाही याचं.

'सेव्ह' दाबलं की ते स्टुडिओला कुलूप लावून रंकाळ्याला चक्कर मारून येत. परत येईतो पडद्यावरची पट्टी निम्मी सरकलेली असे. नेट त्यांनी घेतलंच नाही, तिथनं जाताना फोटो चेपतो म्हणे. भरलेल्या डिस्का जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवायचे. लोक मोबाईलवर फोटो काढून माझ्याकडेच प्रिंटा घ्यायला लागले. मला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून मी तात्यांवरच चिडायचो.

परवा सकाळी तात्यांनी मधल्या भिंतीवर थाप मारली. "जरा ये इकडं."

दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दोन दिवस ते घरी गेले नव्हते. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता आणि पडद्यावर एकच सूचना, डिस्कमध्ये जागा नाही, फाइल सेव्ह होणार नाही.

"काय तरी डिलीट माराय पायजे," तात्या म्हणाले. "माझा हात उचलंना. तू मार."

मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? आता एकेक वरमाई निकालात काढतो म्हणून मी खुर्चीत बसलो आणि फोल्डर उघडलं. त्यात एकही वरमाई नव्हती. सगळीकडे सुमनकाकी होत्या.

काकी म्हणजे तात्यांची बायको. तीन वर्षांपूर्वी गेल्या. एकच फोटो होता तो, शेकडो वेळा सेव्ह केलेला, प्रत्येकावर वेगळी तारीख. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, मागून उजेड, त्यामुळे चेहरा अंधारात.

"ह्याची मूळ फाइल कुठंय, तात्या?"

"चाळीस केबी," ते खाली बघून म्हणाले. "त्या कागलच्या लग्नाला जागा हुईना, तवा घरचं समदं बारीक केलं. आठ बिटात. म्हटलं, घरचंच हाय, चालतंय. काढणारा मी, हुबी ऱ्हाणारी ती. कवाबी परत काढू."

"मग आता सोळा बिटात सेव्ह करून उपयोग काय?"

"काय न्हाय. आठाचं सोळा केलं म्हणून गेलेलं येत न्हाय. मला ठावं न्हाय व्हय?"

ठाऊक असूनही हा माणूस तीन वर्षं रोज तो चेहरा अंधारातून वर काढत होता, पट्टे पुसत होता आणि सेव्ह करत होता. डिस्क त्या एका फोटोनंच भरली होती.

"पर परवा डोळं जमलं," तात्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ह्ये बघ. ह्ये तिचं डोळं हाईत. आणि सेव्ह हुईना. मशीन बंद पडलं की गेलं."

खरंच, काकीच बघत होत्या. मी सगळ्यात जुनी फाइल निवडली. "ती नगं, त्यात कुकू बरं आलंय." दुसरी निवडली. "ऱ्हाऊ दे, त्यात व्हट हाईत." तिसरीला नुसतंच माझं मनगट धरलं. पेनड्राइव्ह लावायच्या खाचा यंदाच्या पावसात गंजत गंजत गेल्याच आठवड्यात बंद पडलेल्या. नवी डिस्क जोडायची तर मशीन बंद करावं लागणार. मध्येच पडदा थरथरला आणि माझा तोल सुटला.

"तात्या, एक घालवल्याशिवाय ही राहत नाही!" मी ओरडलो. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

शेवटी मी खिशातून मोबाईल काढला. फोटोचा फोटो, तोही काचेवरून. वाटलं, आता हे मला हाकलून देणार.

तात्या उठले. सदऱ्याच्या बाहीनं पडद्यावरची धूळ पुसली. काचेत चमक येऊ नये म्हणून ट्यूब बंद केली. मग माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी माझं कोपर दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"दम धर. अजाबात हलू नगंस," म्हणाले.

मी हलत नव्हतो. हात त्यांचेच थरथरत होते.