चौदा रकान्यांचा प्रवास

समन्वयक ताईंनी दिलेल्या अर्जात एकच प्रश्न होता : ‘उमेदवार बसने एकटा जाऊ शकतो का? होय / नाही.’ भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना ही मांडणी अवैज्ञानिक वाटली. दिव्यांगांना नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवून त्यांना तीनच आठवडे झाले होते. तरीही त्यांनी घरी बसून चौदा रकान्यांचा तक्ता आखला. बायको म्हणाली, “अहो, माणसाला लाँड्रीत पोचवायचंय, चंद्रावर नाही.” हे विधान त्यांनी पुराव्याअभावी बाजूला ठेवले.

उमेदवार बत्तीस वर्षांचा होता आणि संस्थेत सगळे त्याला कॅप्टन म्हणत. अक्षरे आणि आकडे त्याच्याशी फटकून वागत, नवी गोष्ट शिकायला त्याला वेळ लागे. मात्र शिकलेले तो विसरत नसे. प्राध्यापकांच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचे नेमके उलट होते. सोमवारपासून त्याला लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची नोकरी मिळणार होती, आयुष्यातली पहिली. अट अशी, की तो एकटा ये-जा करू शकतो हे स्वयंसेवकाने शुक्रवारपर्यंत सहीनिशी कळवावे. दोन फेऱ्या नीट झाल्या होत्या. आज शुक्रवार होता आणि फेरी शेवटची.

“कॅप्टन, आज मी बसमध्ये नाहीच असं समजायचं. बोलायचं नाही, वळून बघायचंही नाही.”

“तुम्ही नाहीच?”

“नाहीच.”

“मग येताय कशाला?”

प्रश्न बिनतोड होता, पण त्याच्यासाठी रकाना नव्हता.

कॅप्टन चालकाच्या मागच्या बाकावर बसला, प्राध्यापक सहा रांगा मागे. सातवा रकाना भरताना (‘उठण्यापूर्वी मानेची हालचाल, अंशांत’) पेन्सिलीचे टोक मोडले. त्यांनी तासायला घेतले. भुसा शेजारच्या बाईंच्या मांडीवर सांडला. दिलगिरी व्यक्त करून ते एकेक कण वेचू लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, “राहू द्या हो, मी झटकते.” प्राध्यापकांनी मान वर केली, तर चालकामागचा बाक रिकामा होता.

“थांबवा! माझा माणूस उतरला!”

“मग बरंच झालं की,” वाहक म्हणाला. “माणसं उतरतातच.”

“अहो, तो एकटा आहे!”

“आजोबा, तुमचा थांबा कुठला, ते सांगा.”

प्राध्यापकांना ते सांगता येईना. दोन्ही फेऱ्यांत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलेच नव्हते. पाहिली होती ती फक्त कॅप्टनची मान. त्यांच्या माहितीप्रमाणे, उमेदवार उठल्यावर अकरा सेकंदांनी थांबा येत असे.

पुढच्या वळणावर ते घाईघाईने उतरले. गल्ली अनोळखी होती. त्यांनी फोन लावला. “ताई, कॅप्टन हरवला!”

ताई बैठक टाकून निघाल्या. निघताना त्यांनी कॅप्टनच्या आईला कळवले. “मी म्हटलंच होतं,” आई रडत म्हणाली. “नको ती नोकरी. घरात बसून खाईल, पण डोळ्यांसमोर राहील.” मग ताईंनी लाँड्रीच्या मालकीणबाईंना फोन केला.

“तो होय? तो कधीच आलाय. पाचेक चादरी झाल्यासुद्धा. काका कुठेयत विचारलं, तर म्हणतो, काका नाहीतच.”

ताईंनी पुन्हा प्राध्यापकांना फोनवर गाठले. “कॅप्टन लाँड्रीत आहे. तुम्ही कुठे आहात?”

“ते निश्चित सांगता येत नाही.”

दोन मिनिटांनी लाँड्रीतून फोन आला. “काका, मी बोलतोय. समोर काय दिसतं?”

“भिंत.”

“भिंती सगळीकडे असतात. दुसरं सांगा.”

“पाण्याची टाकी. उंच आहे.”

“हां. तिच्याकडे पाठ करा. सरळ चाला. निळं शटर आलं की थांबा. मध्ये लिहीत बसू नका.”

प्राध्यापक पंचवीस मिनिटांनी पोचले. ताई, आई आणि मालकीणबाई वाट पाहत होत्या. टेबलावर एका प्रश्नाचा अर्ज ठेवलेला होता.

“करा सही,” ताई म्हणाल्या.

“अडचण अशी आहे,” प्राध्यापकांनी घाम पुसला, “की मी त्याला उतरताना पाहिलं नाही. तो इथे आहे, हे निरीक्षण. तो एकटा आला, हे अनुमान.”

“अहो, काय माणूस आहात!” मालकीणबाई म्हणाल्या. आईने लेकाची पिशवी उचलली. कॅप्टनच्या हातातली चादर अर्ध्या घडीवर थांबली.

“काका, बसमधून उतरल्यावर माझ्याबरोबर कोण होतं?”

“कोणीच नव्हतं.”

“मग?”

प्राध्यापक खुर्चीत बसले आणि त्यांनी तक्ता उघडला. पहिल्या दोन्ही फेऱ्यांत ते सहा रांगा मागे होते; म्हणजे त्या फेऱ्या एकट्याच्या नव्हत्याच. त्यांनी जमवलेली सारी आकडेवारी निरुपयोगी होती. ग्राह्य प्रयोग एकच झाला होता, तोही त्यांच्या बावळटपणामुळे. त्यांनी ‘होय’वर खूण केली, सही केली आणि खाली नेमक्या शब्दांत शेरा लिहिला : ‘निरीक्षक हरवल्यामुळे प्रवास निर्विवादपणे स्वतंत्र.’

आईने तो दोनदा वाचला. रडता रडता तिला हसू फुटले. पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, “सोमवारी कितीला निघायचं रे?”

“साडेनवाला. तू थांब्यावर यायचं नाही.”

उरलेली घडी पुरी करून कॅप्टनने प्राध्यापकांकडे पाहिले. “काका, घरी कसे जाणार?”

“बसने.”

कॅप्टनने थोडा विचार केला आणि तो मालकीणबाईंकडे वळला. “मॅडम, दहा मिनिटं जाऊन येऊ? यांना बसमध्ये बसवून देतो.”

“नुसतं बसवून काय उपयोग?” मालकीणबाई म्हणाल्या. “उतरवायला कोण जाणार?”