सोपानरावांची चेन विकायची होती

आमचे थोरले साडू सोपानराव तीन करमणूक बागांचे मालक आहेत आणि त्यांना पाळणा लागतो. काही लोकांना एसटी लागते, तसा. आकाशपाळण्याचा अर्धा फेरा झाला की त्यांच्या चेहऱ्याचा रंग शेपूच्या भाजीसारखा होतो. तरीही रोज सकाळी, बाग उघडण्याआधी, हे गृहस्थ आकाशपाळण्यात बसतात. एका हातात पुढचा दांडा, दुसऱ्या हातात नाकाशी धरलेलं लिंबू, डोळे गच्च मिटलेले. समोरच्या पाळण्यात तोल साधायला वाळूचं एक पोतं ठेवलेलं असतं. त्या पोत्याला ते पाव्हणे म्हणतात.

"पाव्हणे, बसलाव का नीट?" असं विचारतात. मग मोटर चालवणाऱ्या गणपतला ओरडतात, "सोड रे!"

दहा फेरे झाले की खाली उतरतात, कडुनिंबाखाली आडवे होतात आणि पृथ्वी थांबायची वाट बघतात. ती थांबली की तिकिटाची खिडकी उघडते. तोवर गिऱ्हाईक आलंच, तर त्यानंही पृथ्वी थांबायची वाट बघायची.

या कामाला एखादा माणूस ठेवा, असं मी त्यांना सुचवून पाहिलं. मी पतसंस्थेत हिशेब तपासतो, त्यामुळे दुसऱ्याचा पगार वाचवायला मला आवडतं. पण इथं मी स्वतः होऊन खर्च सुचवत होतो. त्यावर म्हणाले, "नौकर बसल्यानं तसल्ली होत न्हाई, साडूभाऊ. घरचं माणूस बसाय पायजे."

तसल्ली हा सोपानरावांचा लाडका शब्द. आमच्या घरी छताला नवा पंखा बसवला तेव्हा ते योगायोगानं आले होते. माझी मुलगी त्या खोलीत झोपते म्हटल्यावर ते स्वतः पंख्याखाली सतरंजी टाकून दुपारभर घोरले. संध्याकाळी उठून म्हणाले, "झाली तसल्ली. झोपू द्या लेकीला." पुतणीच्या लग्नात नवरा मंडपात यायच्या आधी ते स्टेजवरच्या सिंहासनात बसून हलून, डुलून, पाय आपटून आले. फोटोवाल्याला वाटलं हेच कोणीतरी महत्त्वाचे. त्या अल्बमात पहिला फोटो सोपानरावांचा आहे. नवरा तिसऱ्या पानावर येतो.

आता चेनबद्दल. हा शब्द त्यांचाच. "आपली चेन हाय," असं ते बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगतात. पहिली गंमतबाग पोखर्णीला, घराला लागूनच. नरसिंहाच्या दर्शनाला येणारे लोक तिथं लेकरं घेऊन यायचे, चार पैसे सुटायचे. तेवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. सोपानरावांनी दुसरी बाग देवगाव फाट्यावर काढली आणि तिसरी राणीसावरगावला. देवगाव फाट्यावर जहाजाचा मोठा झोका आहे. राणीसावरगावला एक छोटी रेल्वे आहे, ती जिथून निघते तिथंच परत येते. त्या बागेचा धंदाही तसाच.

अडचण अशी की तिन्ही गावं जिल्ह्याच्या तीन टोकांना आणि तसल्ली करणारा माणूस एक. मालक येऊन बसल्याशिवाय बाग उघडायची नाही, हा नियम. म्हणून सोपानरावांनी वार वाटून दिले. दोन दिवस ही बाग, दोन दिवस ती, दोन दिवस तिसरी. सोमवारी सगळ्याच बंद. मी एकदा त्यांना कागदावर मांडून दाखवलं की तीन बागा मिळून जेवढे दिवस उघड्या असतात, तेवढे दिवस एकटी पोखर्णीची बाग उघडी राहिली असती. वर दोन जागांचं वीजबिल आणि राखणदार वाचले असते. त्यांनी कागद नीट पाहिला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "आकडे बराबर हायेत तुमचे. पण मंग ती चेन कशी होईल?"

यावर हिशेबाच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही.

गेल्या उन्हाळ्यात अक्कांनी मला बोलावणं पाठवलं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सोपानरावांची बायको. घरात दोघंच; मूलबाळ नाही. अक्का फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी चहा ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "तुमच्या साडूला खाली उतरवा. डाक्टरनं सांगितलंय, साठीच्या पुढं हे असलं गरगरणं बरं न्हाई. एक दिवस वर जातील ते वरच राहतील." मग आधण ठेवता ठेवता म्हणाल्या, "इका म्हणावं सगळं. मला ते माणूस जमिनीवर पायजे."

त्यामुळे गिऱ्हाईक शोधायचं काम माझ्याकडं आलं. शेजारच्या जिल्ह्यातले एक शेठ मिळाले. त्यांची स्वतःची मोठी बाग होती आणि तिन्ही जागा रस्त्याला लागून असल्यामुळे त्यांना आणखी विस्तार करायचा होता. तोट्यातला धंदा कोणी एकगठ्ठा घेतो म्हणतंय, हे ऐकून मी घरी पेढे वाटायचा बाकी होतो.

शेठ पाहणीला आले त्या दिवशी मी पोखर्णीला पोचलो तर आकाशपाळण्याला झेंडूच्या माळा. गणपतच्या डोक्यावर फेटा. ओसरीवर सतरंजी आणि पोह्यांच्या बशा. शेठ बसले तसे सोपानराव त्यांच्या समोर मांडी घालून बसले आणि विचारपूस सुरू झाली. घरी कोण कोण असतं? भाऊ वेगळे निघालेत का एकत्र? काही नाद-बिद?

शेठ माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना पोहे पुढं केले.

"आमाला फक्त देवगाव फाट्याची जागा बघायची होती आधी," शेठ म्हणाले.

"तिघी एकाच घरात द्यायच्यात," सोपानराव म्हणाले. "मधलीला पसंत केलं अन् धाकटीला ठेवलं, असं आमच्यात चालत न्हाई."

धाकटी म्हणजे राणीसावरगाव. तिच्याकडं कोणी ढुंकून पाहत नव्हतं, म्हणून तिची फिकर त्यांना जास्त. शेठ व्यवहारी माणूस. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी वजाबाकी केली आणि तिन्ही घ्यायला तयार झाले. इसार द्यायला खिशात हात घातला तर सोपानरावांनी दोन्ही हात जोडले. "अजून न्हाई. आदी आमी तुमचं घर बघायला येणार."

माझं डोकं दुखायला लागलं. पण मुलगी देताना मुलाचं घर बघायला जायची रीत आहे, तिला नाही म्हणता येत नाही. मुलगी नसली तरी.

आठवड्यानं आम्ही जीप करून गेलो. सोपानराव, मी आणि लिंबांची पिशवी. जीपही त्यांना लागते. शेठची बाग बघून माझे डोळे दिपले. फरशी चकचकीत, गाणी लागलेली, गर्दी अशी की आमच्या तिन्ही बागांना वर्षभर पुरावी. शेठनी जेवणात बासुंदी ठेवली होती. सोपानरावांनी सगळी बाग हिंडून पाहिली, बोल्टांना हात लावून पाहिले, मान डोलावली. सुपारी फुटल्यात जमा होती. मी अक्कांना फोन करायला बाहेर निघणार, तेवढ्यात त्यांनी हात धुता धुता विचारलं, "शेठ, सकाळी पयल्यांदा कोण बसतं?"

"कशात?"

"पाळण्यात."

"पहिलं गिऱ्हाईक."

"त्याच्या आदी?"

शेठ हसले. "त्याच्या आधी कोण बसणार काका? दर महिन्याला मेकॅनिक येतो. सर्टिफिकेट आहे आपल्याकडं, भिंतीवर लावलंय बघा."

सोपानरावांनी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडं बराच वेळ पाहिलं. "सर्टिफिकेट बसतं का पाळण्यात?" असं विचारून त्यांनी रुमालानं हात पुसले. "बासुंदी लय चांगली होती. पण सोयरीक जमायची न्हाई, शेठ. राग मानू नका."

"हे काय म्हणतात?" शेठनी मला विचारलं.

"नाही म्हणतात," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर त्यांना ऐकवायचा एकही आकडा मी सोडला नाही. वीजबिल, राखणदार, गंजलेले रूळ, त्यांचं वय, डॉक्टरांची फी. सेलूच्या अलीकडे जीप थांबवावी लागली. ते रस्त्याच्या कडेला वाकले असतानाही मी वरून व्याजाचा दर सांगत होतो. त्यांनी तोंड धुतलं आणि म्हणाले, "तुमचं समदं खरं हाय."

अक्का भांडल्या नाहीत. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि नवऱ्याशी बोलायचं बंद केलं. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, रोज सकाळी सदऱ्याच्या खिशात लिंबू टाकायचं. पण शब्द नाही. माझ्या बायकोला मात्र म्हणाल्या, "त्या लोखंडाला माझ्यापेक्षा भाव हाय."

पावसाळ्यात एका शनिवारी मी नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला गेलो आणि सहज बागेत डोकावलो. चिखल झालेला, वर पावसाची भुरभुर, चिटपाखरू नव्हतं. सोपानराव पाळण्यात बसलेले, पण पाळणा थांबलेला.

"पाव्हणे फुटले," ते म्हणाले. पावसानं पोतं कुजून वाळू खाली सांडली होती. "तोल न्हाई तर गणपत मोटर सोडंना. तुमी बसताव का?"

"आज कोण येणार आहे इथं?"

"आलं एखादं लेकरू तर?"

"माझं वजन पोत्यापेक्षा वीसेक किलोनं जास्त आहे."

"चालतंय. पाव्हणा जड आसला तर बरंच."

गणपतनं हातानं चाक फिरवून समोरचा पाळणा खाली आणला, मी चिखलातून जाऊन बसलो. गणपत माझा दांडा लावत असताना ते वरून बोलले, नेहमीच्याच आवाजात. "बाप जत्रेत हातानं पाळणा फिरवायचा. रोज आदी मला बसवायचा. पोटचं पोर बसलेलं बघितल्याबिगर लोक आपली लेकरं देत नव्हते." मग त्यांनी खिशातून लिंबू काढलं. "आता आमच्याकडं बसवायला दुसरं कोण हाय? सोड रे गणपत!"

मी वर गेलो, ते खाली. खालून आवाज आला, "साडूभाऊ, काय दिसायलंय?"

मला वाटलं थट्टा करतात. "म्हणजे?"

"म्या कदी बघितलंच न्हाई वरून."

मला वाढवून सांगता येत नाही. दर फेऱ्याला वर गेलो की जे दिसलं ते ओरडून सांगितलं. देवळाचं शिखर. परभणीचा रस्ता, त्यावर एक एसटी. सोयाबीन, त्यात साचलेलं पाणी. तळ्याकाठी दोन म्हशी.

चौथ्या फेऱ्याला त्यांच्या घराची गच्ची दिसली. टाकीच्या आडोशाला अक्का उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला, नजर सोपानरावांच्या पाळण्यावर. पायाखालची फरशी तेवढीच कोरडी होती. बऱ्याच वेळच्या उभ्या असाव्यात.

"आन् आता?" खालून विचारलं.

"अक्का आहेत गच्चीवर."

"काय करायलीय?"

"तुमच्याकडं बघतायत."

पाळणा फिरला, मी खाली आलो आणि ते वर गेले. मी मान वर करून पाहिलं. लिंबू नाकाशीच होतं, चेहरा शेपूच्या भाजीसारखाच होता. पण एक डोळा उघडा होता.