चौदा अक्षरांत संगणकखाना बुडाला त्याची हकीकत

‘सर, हे तुम्हाला स्वतःला येतं का?’ ऐसा सवाल भर वर्गी पुसिला गेला, आणि त्या एका सवालापासोन एक राज्य कैसे चढले, कैसे लौकिकास आले आणि कैसे धुळीस मिळाले, ती हकीकत येणेप्रमाणे. प्रथम गजाननास नमन, मग शारदेस नमन, मग ऐन वक्तास वीज न घालविणारी जी कोणी देवता असेल तिजला साष्टांग नमन, आणि मग लेखणीस आरंभ.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आषाढमास. नदीकाठी एक राज्य होते, त्यास लोक शाळा म्हणत. पाचवीपासोन बारावीपर्यंतची रयत तेथे नांदत असे आणि गादीवर हुजूर मुख्याध्यापिका घोरपडेबाई विराजमान असत. त्यांचा अंमल ऐसा, की जिन्यात चपलांचा आवाज जाहला की दोन मजले आपोआप गप्प होत. या राज्यात तोफखाना नव्हता, फीलखाना नव्हता, परंतु वरल्या मजल्यावर संगणकखाना होता. त्यात डझनभर यंत्रे मांडिली होती. पैकी निम्मी चालत आणि एक मर्जी असल्यास चाले. ही यंत्रे श्रीमंत दत्ताजीराव चोरघडे या गावच्या थोर आसामीने राज्यास नजर केलेली. संगणकखान्याचे दारोगा राजश्री विलासपंत पेठकर. ते पुस्तकातले फळ्यावर लिहीत, आणि फळ्यावरचे रयत वहीत उतरोन घेई, आणि यंत्रे आपली आच्छादने पांघरोन निवांत झोपत.

अकरावीच्या फौजेत रेणुकाबाई सुरवसे म्हणोन एक होत्या. मागील साली हजेरीस ‘उपस्थित’ म्हणतानाही त्यांचा कंठ फुटत नसे. परंतु अकरावीस त्यांनी आपल्या मर्जीने कॉम्प्युटर सायन्स घेतले, आणि मग काय वारे अंगात शिरले कोण जाणे, बाई बोलो लागल्या त्या थांबेचनात. त्यांचे वडील आप्पासाहेब बाजारपेठेत औषधांचे दुकान चालवीत. त्यांचा मनसुबा, की पोरीने जीवशास्त्र घ्यावे, औषधांचे शिक्षण करावे आणि दुकानाची गादी सांभाळावी. शेवटी बाप-लेकीत तह जाहला. आप्पासाहेब बोलिले, ‘दिवाळीपर्यंत काय दिवे लावतेस ते बघू. नाही लागले तर विषय बदलायचा. मग रडायचं नाही.’ बाई म्हणाल्या, ‘लावते की.’ मातोश्रींनी मध्येच पुसिले, ‘दिवे म्हणजे खरे का गं?’ आणि तह कायम जाहला.

आता त्या सवालाचे ऐसे, की बाईंच्या दोन सरदारणी, सानिका जगदाळे आणि तबस्सुम मुजावर. एके दिवशी पेठकरपंत फळ्यावर लिहीत असता तबस्सुमने कानाशी लागोन पैज घातली, ‘विचार त्यांना, स्वतःला येतं का. विचारलंस तर माझी खिडकीची जागा वर्षभर तुझी.’ सानिका म्हणाली, ‘ही? ही नाही विचारत.’ इतके ऐकिले आणि बाई उभ्याच राहिल्या, आणि सवाल सोडिला. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. पंतांनी चष्मा उतरविला, सदऱ्याच्या टोकाने पुसिला, पुन्हा चढविला, आणि मग शांतपणे बोलिले, ‘नाही. तुला येतं?’ बाई मागे सरतील तर त्या बाई कसल्या. ‘येतं,’ म्हणाल्या. पंत म्हणाले, ‘मग शनिवारी पाचवीला तू शिकव.’ येणेप्रमाणे बाईंस एकाच दिवशी खिडकीची जागा मिळाली आणि सुभाही मिळाला.

त्याच सुमारास बाईंनी घरी दोन स्वाऱ्या केल्या, कारण तहाची मुदत चालली होती. पहिली स्वारी पाण्याच्या टाकीवर. टाकी भरली की भोंगा वाजावा ऐसे यंत्र बाईंनी जोडिले. परंतु दिवस पावसाचे, हवाच ओली, आणि त्या यंत्रास ओल म्हणजे पाणी एवढेच ठाऊक. भोंगा सुटला तो सुटलाच. अवघी आळी दारात आली. आप्पासाहेब शिडीवर चढोन तारा उपटिते जाहले आणि वरूनच बोलिले, ‘पावसाळा आलाय हे मला माहीत होतं गं.’ दुसरी स्वारी दुकानावर. कोणत्या औषधाची मुदत संपत आली ते यंत्राने सांगावे, ऐसा बेत. बाईंनी साल दोनच आकड्यांत भरिले, आणि यंत्राने ते सन सव्वीस धरिले, आणि हुकूम सोडिला की दुकानातील एकूणएक औषध दोन हजार वर्षांमागेच बाद जाहले. आप्पासाहेबांनी पडद्यावरचे वाचिले. मग म्हणाले, ‘म्हणजे सातवाहनांना खोकला झाला तेव्हाचा माल हा.’ गिऱ्हाईक हसले, नोकर हसले, मातोश्री पदर तोंडास लावोन आत गेल्या. बाईंनी त्या दिवशी जेवणास नकार दिला, आणि मग दिलगिरीने दोन पोळ्या खाल्ल्या.

दोन्ही स्वाऱ्यांत शिकस्त जाहली, परंतु शनिवारचा सुभा मात्र फुलला. पाचवीची रयत जिने धावत चढोन येई, एकेका यंत्रावर चौघे बसत आणि पाचवा मागे उभा राहोन चुका काढी. कोणी ‘बाई’ म्हणो जाता रेणुकाबाई सांगत, ‘ताई म्हणा.’ त्या शिकवीत असता पेठकरपंत मागल्या बाकावर बसत आणि कधीमधी काही लिहोन घेत. पोरे यंत्राकडून स्वतःचे नाव लिहवीत, नाव रंगवीत. एके शनिवारी नावातली अक्षरे मोजणे हा धडा होता. ज्ञानेश्वरी वाघ म्हणोन एक पोरगी, पुढले दोन दात पडलेली, तिने बोटांवर मोजिले, ज्ञा, ने, श्व, री, आणि मग यंत्रास पुसिले. यंत्र अकरा म्हणाले. ती म्हणाली, ‘ताई, माझं नाव चार अक्षरांचं आहे. हे अकरा का म्हणतंय?’ रेणुकाबाई तेथेच अडल्या. त्यांस कारण ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही ऐसे म्हणणे त्या आषाढापासोन विसरल्या होत्या. बोलिल्या, ‘जुनं यंत्र आहे, गंडलं असेल. पुढचं करा.’ पोरांनी पुढचे केले. राज्य तेथेच बुडाले होते, परंतु बुडाल्याचे वर्तमान पोहोचण्यास अवकाश होता.

आश्विनमासी शाळेचा वर्धापनदिन आला. चोरघडेसाहेब प्रमुख पाहुणे ठरले, आणि त्यांचा निरोप हुजुरांकडे आला, की पोरे यंत्रांवर काही करितात ऐसे दिसले तर नवी यंत्रे देऊ. नपेक्षा खोली मोकळी करावी, तुमची बाकडी ठेवावयास जागा नाही म्हणता तर तेथे ठेवावी. घोरपडेबाईंनी रेणुकाबाईंस खोलीत बोलाविले. ‘शनिवारचा वर्ग तुझा ना? मग दाखव काहीतरी. माझी मान खाली जाऊ देऊ नकोस.’ बाई म्हणाल्या, ‘नाही जाणार.’ मसलत ठरली ती ऐसी, की व्यासपीठामागे मोठा पडदा लावावा, पाचवीच्या प्रत्येकाचे नाव सनईच्या सुरावर त्यावर फुलत यावे, आणि सरतेशेवटी पाहुण्यांचे नाव सर्वांत मोठे, त्याच्या आधी ‘सुस्वागतम् श्रीमंत’ एवढे कायमचे रंगविलेले. नाव मावावे म्हणोन बाईंनी पडद्यावर चौदा अक्षरांचे घर आखिले. बोटांवर मोजिले, दत्ताजीराव चोरघडे, नऊ अक्षरे. चौदांत पाय पसरोन बसतील. परीक्षेसाठी बाईंनी स्वतःचे नाव घातले, रेणुका सुरवसे, ते बसले. पेठकरपंतांचे घातले, तेही बसले. सानिका म्हणाली, ‘सगळी नावं एकदा बघून घे ना गं.’ बाई बोलिल्या, ‘नियम एकच आहे. दोन बसली म्हणजे सगळी बसतात.’ तबस्सुम म्हणाली, ‘बघ हां, तुझा भोंगा आठवतोय मला.’ बाई हसल्या, आणि यंत्र बंद करोन घरी गेल्या.

वर्धापनदिनी मांडव भरला. पुढे पाहुणे, हुजूर, गावची थोर मंडळी, मागे रयत, रयतेमागे आईबाप, त्यांत आप्पासाहेब दुकान नोकरावर सोपवोन खासे आलेले. सनई वाजली. पहिलेच नाव ज्ञानेश्वरीचे, आणि पडद्यावर उमटले, ‘ज्ञानेश्वरी वा’. लोकांस वाटले, यंत्र पोरीस शाबासकी देते. टाळ्या पडल्या, कोणी मागोन ‘वा, वा’ म्हणाले. रेणुकाबाई व्यासपीठाच्या कडेस उभ्या होत्या, ‘घ’ कोठे गेला ते त्यांस उमगेना. मग आले ‘स्वप्नील डोईफो’. डोईफोडे मावले नाहीत. लोक हसो लागले. बाईंच्या ध्यानी आले की शेवटी कोणाचे नाव येणार आहे, आणि त्या नावाचा घास यंत्र कोठे तोडील, तेही ध्यानी आले. त्या धावल्या. परंतु यंत्र मांडवाच्या पार पलीकडे, मध्ये खुर्च्या, खुर्च्यांवर माणसे, ‘अगं बस की खाली’ म्हणणारी. नावे आपल्या चालीने येत गेली आणि सनई वाजत गेली. बाईंचा हात तारेस लागला तोवर पडद्यावर फुलांच्या वेलबुट्टीत, सर्वांत मोठ्या अक्षरांत उमटोन गेले होते, ‘सुस्वागतम् श्रीमंत दत्ताजीराव चोर’.

आधी बारावीच्या रांगेतोन एकजण हसला, आणि मग मांडव हसला. घोरपडेबाईंचा चेहरा पांढरा पडला. चोरघडेसाहेब हळूच उठले. वय जाहलेले गृहस्थ, काठी टेकीत माइकापाशी आले आणि रागे न भरता बोलिले, ‘याच शाळेत होतो मी. पोरं माझं नाव असंच अर्धं घ्यायची. मी सातवीत शाळा सोडली ती त्यापायीच. यंत्रं दिली तेव्हा मनात म्हटलं होतं, यंत्र काही कुणाला चिडवणार नाही.’ एवढे बोलोन नमस्कार केला आणि चहा न घेता गाडीत बसोन गेले. रेणुकाबाई तुटकी तार हाती धरोन तेथेच उभ्या. रागाने बोलते तर बाईंनी उलट उत्तर केले असते.

पुढे सर्व सोपे जाहले, कारण बुडणे फार सोपे असते. नवी यंत्रे आली नाहीत. हुजुरांचा हुकूम सुटला, जुनी यंत्रे भिंतीकडे सरकविली, बाकडी एकावर एक रचिली, आणि संगणकखान्यास कुलूप पडले. तबस्सुमने खिडकीची जागा परत मागितली नाही, आणि बाईंस त्याचेच अधिक दुःख जाहले. चोरघडेसाहेबांच्या घरी माफी मागण्यास बाई एकट्या गेल्या. साहेबांनी पाणी विचारिले, बसविले, ‘तू मुद्दाम नाही केलंस, कळतंय मला’ म्हणाले, आणि यंत्रांचे नाव काढिले नाही. दारातोन निघता बाईंस वाटले, शिव्या दिल्या असत्या तर बरे होते. मग त्या पेठकरपंतांकडे गेल्या. पुसिले, ‘सर, तुम्हाला माहीत होतं का, असं होणार ते?’ पंत म्हणाले, ‘मला माहीत असतं तर तुला शिकवायला बसवलं असतं का? मी तर तुझ्याकडून शिकत होतो.’ हे ऐकोन बाईंचे उरलेसुरले अवसान गळाले. या राज्यात ज्यास येत होते ऐसा कोणी नव्हताच. एकास येत नव्हते म्हणोन तो गप्प होता, आणि एकीस येत नव्हते म्हणोन ती बोलत होती.

घरी येवोन बाईंनी यंत्रावर ज्ञानेश्वरीचे नाव घातले आणि एकेक तुकडा सुटा करोन पाहिला. तेव्हा उलगडा जाहला. यंत्रास अक्षर म्हणोन काही ठाऊकच नव्हते. त्यास काना निराळा, मात्रा निराळी, वेलांटी निराळी, आणि जोडाक्षर जोडणारी पाय मोडल्याची खूण, तीही निराळी, आणि नाव-आडनावामधली मोकळी जागा, तीही मोजणीत. पोरगी ‘ज्ञा’ म्हणोन एक बोट मिटी, तेथे यंत्र चार मोजी, ज, पाय मोडल्याची खूण, ञ आणि काना. यंत्र गंडले नव्हते. ते आपल्या परीने खरेच सांगत होते, आणि पोरीने खरेच पुसिले होते, आणि मधल्या माणसाने दोघांस गप्प केले.

शनिवार आला. वर्ग नाही हे पाचवीच्या रयतेस कोणी सांगितलेच नव्हते, की सांगोनही ती आली, देव जाणे. पोरे कुलुपापाशी जिन्यावर बसली होती. बाईंनी त्यांस तुकड्यांची गोष्ट सांगितली, हातांची बोटे, मग पायांची बोटे वापरोन. पोरे ऐकत राहिली. मग ज्ञानेश्वरी म्हणाली, ‘ताई, मी विचारलं होतं तेव्हा का नाही सांगितलंत?’ आणि बाई काही बोलण्याआधीच, अगदी सरळ, पैज नाही की काही नाही, पोरगी पुसती जाहली, ‘हे तुम्हाला स्वतःला येतं का?’ जिन्यावर पंखा नव्हता. बाईंनी चष्माही लावला नव्हता, की तो पुसोन वेळ काढावा. म्हणाल्या, ‘नाही.’ पोरगी म्हणाली, ‘मग आता आम्हाला कोण शिकवणार?’

सारांश इतुकाच, की स्वाऱ्या जितक्या केल्या तितक्यांत हार जाहली, संगणकखाना गेला, एका भल्या माणसाची जुनी जखम उघडी पडली, आणि तहाची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करोन आप्पासाहेब जेवावयास बसले, आणि ताटाकडे पाहत बोलिले, ‘उद्या विषय बदलायचा शेवटचा दिवस आहे. मी काही बोलत नाही. तुझं तुलाच दिसलंय.’ मातोश्रींनी डाव भांड्यात तसाच धरिला. रेणुकाबाईंनी पाणी पिवोन पेला खाली ठेविला.

‘आप्पा, आई, मी विषय बदलत नाही. आणि शनिवारी पाचवीची पोरं दुकानाच्या पायरीवर येणार आहेत, मी सांगून आले त्यांना.’

‘पायरीवर ना यंत्र, ना काही, काय करणार आहात?’

‘अक्षरं मोजणार.’

आप्पासाहेब म्हणाले, ‘अगं, पण तुला यातलं काही येत नाही.’

‘म्हणूनच,’ बाई बोलिल्या.