अर्धे तुमचे, अर्धे माझे

मला कुणी गुंडाळू शकत नाही! बढाई नाही मारत, शेवगाव तालुक्यात कुणालाही विचारा. अंगणवाडीत एकतीस वर्षं काढली मी. पोरांची नाकं पुसता पुसता सुपरवायझरच्या चुका काढल्या. असली बाई एका बँकेला भिणार होय?

आमचे हे, म्हणजे वैजनाथराव, साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या मोजण्यात जन्म गेला. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. वजन मात्र होतं तेवढंच राहिलं, पंच्याऐंशी किलो! मी पंचेचाळीस किलोची. दोन महिने मी त्यांना उठवलं, बसवलं, फिरवलं. तिसऱ्या महिन्यात माझीच कंबर अशी धरली, की डॉक्टर म्हणाले, "आजी, आता शेजारी तुमचीपण खाट टाकू का?" म्हणून यांना नगरच्या एका सेवाकेंद्रात ठेवलं. तिथं व्यायाम करून घेतात, आंघोळ घालतात. फी महिन्याला वीस हजार.

एका संध्याकाळी पासबुक घेऊन बसले. दोघांच्या नावावर मिळून ठेव नऊ लाख साठ हजार. वीस हजारांनी भागलं. चार वर्षं! त्यानंतर हेही मोकळे आणि मीही मोकळी. यांची पेन्शन तर औषधातच विरघळते. मग सत्तरीला मी काय खायचं? पासबुकाचं कव्हर?

पोरगी निकिता पुण्याला असते. ती म्हणते, "आई, मी आहे ना!" आहेस बाई, पण जावयापुढं हात पसरायला मी एकतीस वर्षं खिचडी वाटली नाही.

मी ठरवलं. ठेव मोडायची आणि सरळ दोन भाग करायचे. त्यांचं अर्धं त्यांच्या फीला, माझं अर्धं माझ्या म्हातारपणाला. त्यांचं संपेल तेव्हा पुढचं पुढं बघू. तोवर एक तर हे चालायला लागतील, नाहीतर मी सरकारशी भांडायला लागेन!

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. समोर राजनंदिनी मॅडम. पोरगी हुशार, पण लग्न नुकतंच झालेलं, हातावरची मेंदीसुद्धा उतरली नव्हती.

"ठेव का मोडायची, आजी?"

"वाटनी करायचीय. त्यांचं त्यांनी बघायचं, माझं मी बघनार."

तिचा चेहरा पडला. "तुम्ही... एकत्र राहत नाही?"

"आठ महिने झाले."

"मग कोर्टाचा कागद आणलाय का?"

"कोर्ट कशाला? आमचं आमी ठरवलं तर चालत न्हाई व्हय?"

"म्हणजे दोघांच्या संमतीनं?"

"माझी संमती हाय! त्यांची घ्यायचीय अजून."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी! मला वाटलं, पोरगी किती मायाळू. मागं रांगेत यांचा चुलतभाऊ मच्छिंद्र उभा होता. टेम्पोचा फाळका पडावा तसा त्याचा जबडा खाली पडलेला. मी म्हटलं, "भाऊजी, बरं हाय ना?" तो पासबुक न भरताच पळाला.

मी घरी पोचून चप्पल काढते तोच निकिताचा फोन.

"आई! एक्केचाळीस वर्षांनी घटस्फोट?"

"कुनाचा गं?"

"तुझा!"

"आन मला कुनीच सांगितलं न्हाई ते!"

तिला समजावता समजावता अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात मच्छिंद्रभाऊजींनी नगरला फोन लावून थेट यांना सांगितलं, "दादा, वहिनी पैसं घिऊन चालल्या!"

मग आमच्या ह्यांनी काय करावं? आठ महिन्यांत ज्या माणसानं तीन शब्द एका दमात उच्चारले नव्हते, त्यानं सेवाकेंद्राच्या अजिनाथ साहेबांकरवी बँकेला फोन लावला. "दे-ऊ न-का. एक रु-पया न-का." बँकेनं ताबडतोब ठेवही थांबवली आणि आमचं खातंही थांबवलं.

आता त्याच खात्यातून दर पाच तारखेला यांची फी जायची! पाच तारीख आली, फी गेली नाही. सहा तारखेला अजिनाथ साहेबांचा फोन.

"आजी, फी आली नाही. आजोबांनी स्वतःचीच फी अडवलीय. वर आम्हालाच म्हणताहेत, काढा मला बाहेर, बघतोच!"

पहिली एसटी धरून नगर गाठलं. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले.

"अहो, इकडं बघा."

"न्हाई."

"मी कुटं चाललेली न्हाई."

"मच्छिंद्र... म्हन्ला..."

"मच्छिंद्राला काय कळतंय? तुमाला उचलता येत न्हाई मला, म्हनून हितं ठिवलंय. सोडलेलं न्हाई! पन चार वर्सांत सगळं संपलं तर तुमाला हितून काढतील आन मला तिथं कोन बघल? मी मेलेली बरी का?"

हे वळले. डोळे भरलेले, पण ताठा कायम.

"आदी... सांगायचं न्हाई?"

खरं होतं. सगळ्या हिशेबात यांना विचारायचंच राहून गेलं होतं. मी पदर सारखा केला आणि खाटेच्या कडेला टेकले.

"अर्धं नगं," हे म्हणाले. "तुला... सगळं."

"आन तुमची फी?"

"मी... चालनार!"

आणि खरंच उठले! दीड पाऊल टाकलं आणि पंच्याऐंशी किलो पंचेचाळीस किलोवर आले. आम्ही दोघं खाटेवर आडवे, माझा एक पाय हवेत! अजिनाथ साहेब आणि दोन मावश्या धावत आल्या. व्यायामाच्या बाई दारातून म्हणाल्या, "हा प्रकार मी शिकवलेला नाही हं!"

शेवटी अर्ध्या-अर्ध्यावर तोडगा निघाला. सह्या करायला दोघांनीही बँकेत यायला हवं होतं. यांना चाकाच्या खुर्चीसकट भाजीच्या टेम्पोत चढवलं आणि निघालो. बँकेच्या दारात मच्छिंद्रभाऊजी, सोबत समेट घडवायला पाच फेटेवाले!

"दादा, वहिनी, संसार असा मोडू नगा..."

"तू गप!" हे गरजले. एका दमात, स्पष्ट! पाचही फेटे दोन पावलं मागं सरकले.

आत राजनंदिनी मॅडमनं शाईचा पॅड पुढं केला. "आजोबा, इथं अंगठा द्या."

झालं! चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. "अंगठा... न्हाई!" डाव्या हातात पेन घेतलं. ‘व’ला चार मिनिटं. वरच्या दोन मात्रांना तीन. रांग दारापर्यंत गेली. कुणी घड्याळ बघेना, सगळे पेनाकडंच बघत होते. ‘थ’ पुरा झाला तेव्हा माझ्या पोलक्याची पाठ घामानं भिजली होती.

मॅडमनं कागद उचलला, संगणकाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "जुन्या सहीशी जुळत नाही."

मग मात्र माझा तोल गेला. "जुळंल कशी? जुना हात ऱ्हायलाय का? नव्या हाताची नवी सही घ्या! फी भरताना मानूस चालतो, सही करताना चालत न्हाई व्हय?"

आतून साहेब बाहेर आले. डॉक्टरचा कागद बघितला, यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नवी सही नोंदवून घ्या."

दोन खाती झाली. एक यांचं, एक माझं. फी कापायचा फॉर्म मॅडम भरून देत होती, मी म्हटलं, "राहू द्या, मला येतं!" रुबाबात भरला. यांना परत नगरला सोडायला जाताना टेम्पोतसुद्धा मी खुर्चीच्या शेजारी ताठ बसले होते.

पाच तारखेला मोबाईल वाजला. वीस हजार कापले. बरोबर! मग खाते क्रमांक वाचला. चष्मा पुसून परत वाचला. माझा होता! फॉर्मवर मी माझ्याच खात्याचा नंबर लिहिला होता.

यांना फोन केला. सांगितलं. पलीकडं बराच वेळ नुसती खसखस. मग म्हणाले, "पुढल्या म्हैन्यात... बी... असंच लिही."

फॉर्म दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून आले, या वेळी मॅडमच्या हातून. निकिताला मात्र सांगितलंय, की त्या महिन्याची फी मी प्रेमानं भरली. तुम्हाला भेटली, तर तुम्हीपण तेच सांगा!