मॅडम, मनगट!

“मॅडम, मनगट!” नेमबाजीच्या क्लबात शेजारच्या लेनमधून सुलेमानभाईंचा आवाज आला आणि शर्मिलाबाई गमरे यांच्या डोक्यात तिडीक गेली.

हातातल्या पिस्तुलाने पुन्हा तेच केलं होतं. पहिली गोळी झकास सुटली, रिकामी पुंगळी टणकन बाहेर उडाली, आणि पुढचं काडतूस नळीत शिरायच्या ऐवजी तिच्या तोंडाशीच नाक वर करून बसलं. पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड त्याच्यावर अर्धवट टेकलेली. ना धड उघडी, ना धड बंद.

शर्मिलाबाईंनी पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून काडतुसांचं मॅगझिन काढलं, अडकलेलं काडतूस मोकळं केलं, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मग सावकाश मान वळवली.

“काय झालं मनगटाला?”

“ढिलं पडतंय, मॅडम. मी बघतोय ना कधीपासून.”

“तुम्ही इथे माझं मनगट बघायला येता की नेम धरायला?”

सुलेमानभाई मुकादमांचं नेरूळमध्ये टाइल्सचं दुकान होतं. माणूस दिलदार, पण दुकानात गिऱ्हाइकापुढे नमुने मांडावेत तसे ते क्लबात येईल त्याच्यापुढे सल्ले मांडत. आणि शर्मिलाबाईंना सल्ल्यांचं वावडं होतं. खारघरच्या ज्युनियर कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत. चुका दाखवायचं काम आयुष्यभर त्यांचं होतं, आणि त्याची दिशा बदललेली त्यांना खपत नसे. रक्तदाबासाठी काहीतरी छंद लावून घ्या, असं डॉक्टरांनी सुचवलं, तेव्हा बागेतल्या हास्य क्लबात विनाकारण हसायची तयारी नसल्यामुळे त्या नेमबाजीकडे वळल्या होत्या. नेम चांगला होता. येत्या रविवारच्या ज्येष्ठ गटाच्या स्पर्धेत नाव दिलं होतं. आणि आता हे पिस्तूल!

क्लबची प्रशिक्षक उन्नती धावत आली. ती बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे त्यांची चूक काढताना तिचा आवाज आपोआप तोंडी परीक्षेतल्यासारखा व्हायचा.

“मॅडम, म्हणजे... असं होऊ शकतं. गोळी सुटली की स्लाइड जोरात मागे येते. त्या वेळी मनगट घट्ट नसेल, तर हातासकट अख्खं पिस्तूलच मागे जातं. स्लाइड पूर्ण मागे येतच नाही आणि पुढची गोळी नीट उचलली जात नाही. तुम्हीच शिकवलेलं ना, क्रिया आणि प्रतिक्रिया...”

हे फार झालं. आपलाच धडा, आपलीच विद्यार्थिनी आणि आरोपीही आपणच! वर धड्यात चूक एकही नाही.

“या हाताने मी वर्षानुवर्षं खडूने फळे भरलेत, उन्नती. डोक्यावर हात उचलून. मनगट ढिलं असतं तर न्यूटन कधीच खाली पडला असता. दोष या पिस्तुलात आहे.”

“क्लबचं पिस्तूल हाय, मॅडम. सगळेच चालवतात,” सुलेमानभाई म्हणाले. “द्या इकडं.”

त्यांनी आपल्या पेटीतलं मॅगझिन खटकन बसवलं आणि पिस्तूल रोखलं. ठो, ठो, ठो, ठो, ठो. पुंगळ्या एका ओळीत उडाल्या. पिस्तूल इतकं गुणी वागलं, की शर्मिलाबाईंना ते पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या कार्ट्यासारखं वाटलं.

“बघितलं? मनगट!” सुलेमानभाई प्रेमाने म्हणाले.

घरी पोचेपर्यंत बाईंचा रक्तदाब छंद लागण्याआधीच्या जागी आला होता. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरताना त्या फोनवर नवऱ्याला सांगत होत्या, “नाही हो, गोळी आत जातच नाही! तोंडाशीच अडकते! रोजचं झालंय. आणि सगळे मलाच दोष देतायत!”

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या गिरजाबाई होत्या. परभणीहून मुलाकडे राहायला आलेल्या, अंतःकरणाने हळव्या आणि कानाने तिखट.

दार उघडून शर्मिलाबाई सोफ्यावर टेकतात तोवर बेल वाजली. दारात गिरजाबाई, हातात केळ्यांची फणी.

“केळात घालून गिळायची, माय. आमच्या मालकाला अशीच आडकायची. पाण्यानं नाही जात ती.”

“काय नाही जात?”

“गोळी!”

“अहो, ती गोळी नव्हे. पिस्तुलाची!”

गिरजाबाईंचा हात हळूच छातीवर गेला. “म्हंजी... पिस्तुलाची गोळी तुमी तोंडात...?”

पुढचा तास समजूत घालण्यात गेला. तोवर गिरजाबाईंच्या सुनेने सोसायटीच्या ग्रुपवर ‘गमरे मॅडमना गिळायचा त्रास आहे, चांगला डॉक्टर सुचवा’ असं टाकलं होतं आणि बाईंच्या फोनवर घशाचे तीन डॉक्टर, एक वैद्य आणि एक योगशिक्षिका येऊन पडली होती. सगळ्यांना तेच उत्तर देऊन बाईंचा घसा खरोखरच बसला.

त्यांचे यजमान धर्मराज बंदरातल्या क्रेनच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. रात्री जेवताना ते शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, “ग्रीस कमी असेल.”

“क्रेन नाहीये ती!”

“मग मनगट असेल.”

शर्मिलाबाईंनी वाढलेलं ताट पुढे सरकवलं. “तुम्हीपण?”

“तसं नाही ग. मी आपलं काळजीपोटी... उद्या हाडांच्या डॉक्टरला दाखवून येऊ. म्हणजे तोंडं बंद होतील सगळ्यांची.”

हा युक्तिवाद बाईंना पटला. मनगट ठणठणीत असल्याचा कागद सुलेमानभाईंच्या नाकासमोर नाचवता आला असता. पण हाडांच्या डॉक्टरकडे गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. डॉक्टरने मनगट दाबलं, वळवलं, “वयाप्रमाणे आहे” असं म्हटलं आणि खबरदारी म्हणून पट्टा दिला. वयाप्रमाणे!

दुसऱ्या दिवशी पट्टा पाहताच सुलेमानभाईंचा चेहरा उजळला. “शाबास! मानलं ना शेवटी?”

“खबरदारी आहे ही!”

“तेच म्हणतोय मी.”

उन्नती चाचरत पुढे झाली. “मॅडम, स्पर्धेत मनगटाला कसलाही आधार चालत नाही. पट्टा दिसला तर बाद करतील.”

म्हणजे पट्टा लावला तर स्पर्धेतून बाद आणि काढला तर सुलेमानभाई! शर्मिलाबाईंनी पट्टा फर्रकन ओढून काढला, पर्समध्ये कोंबला आणि जाहीर केलं, “आता हे मी माझ्या पद्धतीने शोधणार आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.”

वर्ग शांत झाला. म्हणजे क्लब शांत झाला.

आधी काडतुसं बदलली. थोडी जोरदार जात घेतली. अडकलं. मग उन्नतीकडून पिस्तूल उघडून साफ करून घेतलं, तेलाचा जास्तीचा थर पुसून काढला. अडकलं. “मन...” सुलेमानभाईंनी सुरुवात केली, पण बाईंनी नुसतं पाहिलं आणि त्यांनी उरलेली अक्षरं गिळली. मग पिस्तुलाची स्प्रिंग नवी टाकली. तरीही अडकलं. बाईंच्या कपाळावर घाम आला. उरलं होतं मॅगझिन आणि उरलं होतं मनगट. आणि नव्या मॅगझिननेही दगा दिला, तर बाईंना सुलेमानभाईंसमोर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

त्यांनी दुसरं मॅगझिन बसवलं आणि श्वास रोखला. ठो. ठो. ठो. ठो. ठो.

शर्मिलाबाईंनी दोन्ही मॅगझिनं शेजारी शेजारी धरली आणि चष्मा कपाळावर सरकवला. जुन्याची वरची कड, काडतुसाला धरून ठेवणारी, एका बाजूला केसभर वाकलेली होती. काडतूस वर येतानाच तिरपं येत होतं. बिचारं नळीत शिरणार कसं?

“हे बघा! हे बघा!” त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरचा वॉचमन आत आला.

उन्नतीने मॅगझिन उलटसुलट पाहिलं. “वाकल्यासारखं दिसतंय थोडं. पण मॅडम, आत्ता तुम्ही मनगटही किती घट्ट धरलं होतंत!”

“मी नेहमीच तसं धरते!”

“आज जास्त होतं,” सुलेमानभाई म्हणाले. “रागात होतात ना. रागात मनगट टाइट होतंच.”

जुनं मॅगझिन परत बसवून दाखवायला बाईंनी हात पुढे केला, तेवढ्यात रेंज बंद व्हायची घंटा झाली. बाई त्या रात्री झोपल्या नाहीत. सिद्ध झालेली गोष्ट कुणी मान्य करत नाही म्हणजे काय? मग प्रयोगशाळा कशाला उघडायच्या? कुलपं लावा सगळ्यांना!

रविवारी पिस्तूल एकदाही अडकलं नाही. चांगल्या मॅगझिनने आपलं काम चोख केलं, बाईंनी आपलं केलं आणि ज्येष्ठ गटात त्यांना कांस्यपदक मिळालं. धर्मराजांनी फोटो काढले. गिरजाबाई लेकासुनेसह आल्या होत्या, त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. आणि गळ्यात पदक पडताच सुलेमानभाई दोन्ही हात पसरून पुढे आले.

“बघा मॅडम! मनगट सुधारलं आणि मेडल आलं!”

“अगदी,” उन्नती म्हणाली. “खूप मेहनत घेतली मॅडमनी मनगटावर.”

टाळ्या झाल्या. धर्मराजांनीही वाजवल्या.

शर्मिलाबाईंच्या कानशिलापर्यंत लाली चढली. “थांबा,” त्या म्हणाल्या. “ते वाकलेलं मॅगझिन आणा. आत्ता. आणि ते मी चालवणार नाही. सुलेमानभाई चालवतील. त्यांचं मनगट तर पोलादी आहे ना?”

“चला की!” सुलेमानभाई बाह्या सरसावत म्हणाले. “आपल्याला काय टेन्शन नाय.”

सगळी मंडळी रेषेच्या मागे उभी राहिली. सुलेमानभाईंनी पाय रोवले, हात ताठ केला, मनगट असं आवळलं की शिरा वर आल्या. ठो. आणि पुढचं काडतूस नळीच्या तोंडाशी नाक वर करून बसलं.

एवढ्या दिवसांची उपासना फळाला आल्यासारखे शर्मिलाबाईंनी डोळे मिटले.

“सुलेमानभाई,” उन्नती हळूच म्हणाली, “मनगट ढिलं पडलं वाटतं.”

“काय?”

“वयाप्रमाणे होतं तसं,” धर्मराज समजुतीने म्हणाले. “आमचे डॉक्टर चांगले आहेत.”

“माझं मनगट?” सुलेमानभाईंनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. “अहो, पोराच्या वयापासून मी उरणला बापाबरोबर जाळी ओढलीयत! आजपण टाइल्सची पेटी एका हातानं उचलतो! हे मॅगझिन खराब हाय, दिसत नाय तुमाला? कड वाकलीय त्याची!”

“शांत व्हा,” गिरजाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून केळं काढायला लागल्या.

“मॅडम!” सुलेमानभाई अगतिकपणे शर्मिलाबाईंकडे वळले. “तुमी तरी सांगा या लोकांना. तुमी सायन्सवाल्या. मनगट की मॅगझिन?”

सगळे बाईंकडे पाहू लागले. याच प्रश्नासाठी त्यांनी झोप घालवली होती. उत्तर जिभेच्या टोकावर होतं, पुराव्यासकट.

त्यांनी मॅगझिन काढून घेतलं, अडकलेलं काडतूस मोकळं केलं आणि मॅगझिन उन्नतीच्या हातात देत दबक्या आवाजात सांगितलं, “हे भंगारात टाक. पुन्हा कुणाच्या हाती लागता कामा नये.”

मग त्या सुलेमानभाईंकडे वळल्या. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा प्रसन्न दिसत होता.

“हात पुढे करा,” त्या मायेने म्हणाल्या. “आधी मनगट बघू या.”