धोंडोपंतांचा खरखरीत रणगाडा

एका जंगलात, बाळांनो, धोंडोपंत नावाचे एक साळिंदर राहत असत. त्यांना लाकडाचे पंजाएवढे रणगाडे करायचा भारी नाद.

जंगलात खरा रणगाडा कुणीच पाहिला नव्हता. त्यामुळे लाकडी रणगाडा अगदी खऱ्यासारखा दिसला पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

दर वर्षी रणगाड्यांचं प्रदर्शन भरायचं. परीक्षक असायचे बिबटेसाहेब. ते रणगाड्यावरून मिशी फिरवायचे आणि म्हणायचे, "पंत, काम उत्तम. पण फार गुळगुळीत झालंय हो. ओतीव लोखंड असं नसतं. थोडा खरखरीतपणा आणा."

पहिल्या नंबरासाठी पंतांचा जीव नुसता तळमळायचा. शेवटी त्यांना युक्ती सुचली. रणगाड्याला चिकणमातीचा पातळ लेप द्यायचा, पाठीवरचा एक काटा उपटायचा आणि त्याच्या टोकानं लेपावर बारीक बारीक टोचे मारत बसायचं. वाळल्यावर काय झकास खरखर यायची म्हणता! फक्त टोक लगेच बोथट व्हायचं. मग दुसरा काटा.

"अहो, पाठ उघडी पडली की तुमची," त्यांची बायको भागाबाई म्हणाली. "ते काटे देवानं कशाला दिलेत?"

"तुला कलेतलं काय कळतंय," पंत म्हणाले आणि चाकांवर गंज रंगवायला बसले.

पुढच्या वर्षी बिबटेसाहेब म्हणाले, "वा! मागची बाजू तेवढी अजून गुळगुळीत आहे." त्यापुढच्या वर्षी त्यांना तोफेची नळी खटकली. भागाबाई भांडली, रडली, अबोला धरून बसली. पंत उरलेले काटे चाचपत होते.

अखेर रणगाडा असा झाला, की हात लावला तर सालटंच निघावं. पंतांची पाठ मात्र सोललेल्या बटाट्यासारखी झाली.

या खेपेला साहेब स्वतः घरी आले. भागाबाई पाण्याला गेली होती. साहेबांनी रणगाड्यावरून मिशी फिरवली. मग सावकाश पंतांच्या पाठीवरून फिरवली.

"पंत," ते म्हणाले, "आता कुठे म्हणून कुठे खोट राहिली नाही."

एवढ्या वर्षांनी हे शब्द ऐकून पंतांचे डोळे भरून आले. साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं. भागाबाई परतली, तेव्हा घरात रणगाडा तेवढा शिल्लक होता.

पहिला नंबर पंतांचाच आला. बक्षीस भागाबाईनं घेतलं. असा कलावंत पुन्हा होणे नाही, असं भाषणात बिबटेसाहेब दोनदा म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, परीक्षकांच्या सूचना नेहमी मनावर घ्याव्यात. पहिला नंबर हमखास येतो. बक्षीस आणायला घरातलं कुणीतरी मोकळं असलं, म्हणजे झालं.