कॅरमआधीचा हाका

कॅरम खेळण्याआधी जीभ बाहेर काढणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या इंद्रलोक सोसायटीत एक आहे. तावडेकाका, दुसरा मजला.

न्यूझीलंडचा रग्बी संघ सामन्याआधी हाका करतो. तो माओरी लोकांचा नाच काकांनी टीव्हीवर पाहिला आणि सोसायटीच्या कॅरम स्पर्धेवर संकट आलं. डबल्सच्या आधी काका बोर्डापुढे गुडघे वाकवून उभे राहायचे, मांड्यांवर थापा मारायचे, डोळे वटारायचे. माओरी शब्द मात्र कधी उच्चारले नाहीत. ते त्यांच्या वाडवडिलांचे, आपण नुसतं हुं हुं करायचं, असं त्यांचं मत. समोरच्यांनी उभं राहून बघायचं, मधे हलायचं नाही. हा समोरच्यांचा मान असतो, असं ते बजावत. समोरच्या जोडीतले शाहभाई म्हणायचे, "तावडेजी, मान बाद में, पहले स्ट्रायकर दो."

शेजारी जोडीदार, काकांचा जुना दोस्त, डोंगरी गावचा आंतोन गोम्स. सोसायटीतला नसला तरी त्याला खेळू द्यायचे; तो रविवारी बसने यायचा. "माझा गुडघा न्हाय वाकत," म्हणत अर्धाच वाकायचा, पण ओरडायचा काकांहून मोठ्याने. एवढं करून दोघं पहिल्याच फेरीत हरायचे. राणी मिळायची, कव्हर मिळायचं नाही.

गणपतीच्या आधी गोम्स वारला. यंदा काकांच्या जोडीदारासाठी चिठ्ठ्या टाकल्या तर माझं नाव निघालं. मी धास्तावलोच. भर हॉलमध्ये, बायकोच्या देखत हे असलं करायचं म्हणजे पुढचं वर्षभर ऐकून घ्यावं लागणार. पण काका आले ते सरळ खुर्चीत बसले आणि बोर्डावर पावडर पसरू लागले.

मी विचारलं, "काका, हाका?"

"राहू द्या," ते म्हणाले. मग मान वर न करता हळूच बोलले, "आंतोनची बायको गेली ना, तेव्हा तो घरात तोंडच उघडत नव्हता. म्हटलं, चार लोकांत निदान ओरडेल तरी. त्याच्यासाठीच काढलं होतं ते खूळ."

गोम्स गेल्यापासून काकांचाही आवाज जिन्यात कुणी ऐकला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. फार वाईट वाटलं. मी उठलो, बायकोकडे न बघता गुडघे वाकवले आणि मांडीवर थाप मारली. हॉलमध्ये कोणीतरी हसलं.

काका बघत राहिले. मग पावडरचे हात पँटला पुसत उठले.

"थांबा, मीही येतो," ते म्हणाले. "कधीचं ओरडायचं राहिलंय."